पासपोर्ट, पोस्टर आणि रविवारचा उपवास

"ताई, नमस्कार. मी चंद्रपूरला एका कॉलेजात जिऑलॉजी शिकवते, सोबत पीएचडी चालू आहे, विषय भूजल. एप्रिलअखेरीस व्हिएन्नाला ईजीयूची (युरोपियन जिओसायन्सेस युनियन) कॉन्फरन्स आहे, त्यात माझ्या संशोधनाचं पोस्टर लागलंय. मी आजवर विमानात एकदाच बसलेय, नागपूर ते पुणे. एकटीच जाणार आहे, जर्मनचा गंध नाही, अंडं चालतं पण मटण-मासे नाही. पीएचडीचे गाइड म्हणतात हापूसची पेटी घेऊन जा, तिकडच्या प्रोफेसरांना फार आवडतो. नवरा म्हणतो एवढी लांब जातेच आहेस तर प्राग, बुडापेस्ट, स्वित्झर्लंड सगळं उरकून ये. सासूबाईंना काळजी की तिकडे प्यायला पाणी कसं असतं. आणि मला रात्र-रात्र झोप नाही, कुठल्यातरी स्टेशनवर हरवले तर काय करू? – पोस्टरवाली, चंद्रपूर"

अगं पोस्टरवाली, आधी अभिनंदन. तुझं पत्र दोनदा वाचलं. पाणी आहे, आंबे आहेत, स्वित्झर्लंड आहे, हरवायची भीती आहे, पण अख्ख्या पत्रात व्हिसा हा शब्दच नाहीये, आणि ते बघून माझीच झोप उडाली. मी या कॉन्फरन्सला तीनदा जाऊन आलेय, पहिल्या खेपेला तुझ्याइतकीच टरकले होते, त्यामुळे खरं सांगते, व्हिएन्नात हरवणं कठीण आहे, तिथं पोचणं त्याहून कठीण. जे काय घोळ व्हायचे ते विमानात बसायच्या आधी होतात, नाहीतर उतरल्यावर पहिल्याच रविवारी. मधलं सगळं निभतं.

तर व्हिसा. ऑस्ट्रियासाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) लागतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरवर, प्रवासाच्या ६ महिने आधीपासून ते कमीत कमी १५ दिवस आधीपर्यंत करता येतो. आता हे १५ दिवस वाचून निवांत होऊ नकोस, कारण अर्ज घेतल्यावर निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात आणि त्यांना वाटलं तर ते ४५ दिवसांपर्यंत लांबवू शकतात. शिवाय एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडची सुट्टी, सगळे टूरवाले आणि अख्ख्या सोसायट्या त्याच वेळी युरोपला निघालेल्या असतात, मुंबईच्या अपॉइंटमेंटा बघता बघता संपतात. म्हणून आज संध्याकाळी, म्हणजे खरंच आज संध्याकाळी, साइट उघडून तारीख बघ. फी ९० युरो, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि व्हिसा नाकारला तर हे पैसे परत मिळत नाहीत.

कागद काय लागतात ते यादीत असतंच, मी फक्त जिथं आपली माणसं अडकतात तेवढं सांगते. पहिलं म्हणजे नाव. तुझं लग्न झालंय, म्हणजे मला खात्री आहे की पासपोर्टवर माहेरचं नाव, कॉलेजच्या आयकार्डवर सासरचं, आणि पोस्टरवर त्या दोघांची काहीतरी खिचडी. आमंत्रणाचं पत्र मागवताना पासपोर्टवर जे आहे तेच नाव स्पेलिंगसकट टाक, मधलं नाव गाळू नकोस, आणि कॉलेजच्या एनओसीवर "अमुक म्हणजेच तमुक" असं एक वाक्य प्राचार्यांच्या सहीनं घालून घे, सोबत मॅरेज सर्टिफिकेटची प्रत लाव. एनओसीत रजा कधीपासून कधीपर्यंत, परत येऊन कामावर रुजू होणार आणि खर्च कोण करणार, हे तिन्ही असलं पाहिजे. खर्च तूच करणार असशील तर बँक स्टेटमेंट, सॅलरी स्लिप, आयटीआर. आणि अर्जाच्या दोन दिवस आधी भावाकडून खात्यात दोन लाख टाकून घेऊ नकोस बाई, ते त्यांना लगेच दिसतं आणि संशय येतो.

इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा पाहिजे. पासपोर्ट तिथून निघायच्या तारखेनंतर अजून ३ महिने तरी चालू असावा, दोन पानं कोरी असावीत. हॉटेल बुक कर पण कॅन्सल करता येईल असंच, व्हिसा हातात पडेपर्यंत कुठेही पैसे अडकवायचे नाहीत.

केंद्र सरकारच्या एखाद्या स्कीममधून प्रवासाचे पैसे मिळणार असतील तर तिकीट काढायच्या आधी त्यांचे नियम वाच. सरकारी पैशातलं विमान तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स नाहीतर आयआरसीटीसी या तिघांकडूनच काढायचं असतं, दुसऱ्या अॅपवर चार हजार स्वस्त मिळालं म्हणून घेतलंस तर तिकिटाचे सगळेच्या सगळे पैसे तुझ्या खिशातून जातात. आणि बोर्डिंग पास! जाता-येतानाचे सगळे, कनेक्टिंग फ्लाइटचेसुद्धा, जपून ठेव आणि लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेव. माझा एक बोर्डिंग पास पुस्तकात खूण म्हणून घातलेला विमानातच राहिला, त्या एका चिटोऱ्यासाठी अकाउंट्सवाल्यांनी मला पाच महिने फिरवलं.

आता नवऱ्याचं ऐकायचं की नाही. शेंगेन व्हिसा एकच असतो हे खरं, त्यावर प्रागलाही जाता येतं आणि बुडापेस्टलाही, पण अर्ज त्या देशाकडे करायचा जिथं तू सगळ्यात जास्त दिवस राहणार. कॉन्फरन्सचे सहा दिवस ऑस्ट्रियात आणि पुढे दोन-तीन दिवस इकडे-तिकडे असं असेल तर काही अडचण नाही, प्लॅनमध्ये लिहून टाक. पण माझं मत विचारशील तर स्वित्झर्लंड काढून टाक. पाच दिवस सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा हॉलमध्ये उभं राहून पायाचे तुकडे पडलेले असतात, त्यावर अजून बारा-चौदा तासांचा रेल्वे प्रवास कशाला. फारच हौस असेल तर स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा, व्हिएन्नाच्या हाउप्टबानहोफवरून (म्हणजे मेन स्टेशन) ट्रेननं तासाभरावर आहे, तिथंही युरोच चालतो, सकाळी जाऊन रात्री परत. बुडापेस्ट तीन तासांच्या आत, प्राग चार तास. यातलं एक निवड, नवऱ्याला म्हणावं बाकीचं पुढच्या वेळी जोडीनं.

आंब्यांचं काय ते ऐक. ताजी फळं बाहेरून युरोपात न्यायची तर बहुतेकांना फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (फळाला रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला) लागतं, आंबा त्यातच येतो. म्हणजे ती पेटी विमानतळावर गेली कामातून, वर प्रश्नोत्तरं वेगळी. दूध आणि मांसाचे पदार्थही खाजगी सामानातून नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, पनीर, खव्याचं काहीही नको. सासूबाई तुपाची बरणी हमखास घालतील, बॅग बंद करायच्या आधी एकदा बघ. चिवडा, चकली, भाकरवडी, कोरडी चटणी, मेतकूट, खाकरे, इन्स्टंट पोहे-उपमा हे सगळं खुशाल ने. प्रोफेसरांना द्यायला चिक्की ने, कोणाला आवडत नाही असं मी अजून पाहिलं नाही.

पोस्टर. हे नीट वाच कारण दरवर्षी निदान डझनभर आपली मुलं इथं फसतात. ईजीयूचे बोर्ड आडवे असतात, १९७ सेंटिमीटर रुंद आणि १०० सेंटिमीटर उंच. आपल्याकडे सवयीनं ए-झिरो आकाराचं पोस्टर उभं छापतात, त्याची उंची जवळजवळ ११९ सेंटिमीटर होते, ते बोर्डाच्या खाली लोंबतं आणि मग माणूस ते दुमडत बसतो. आडवंच डिझाइन कर. आणि कागदावर छापू नकोस, कापडावर छाप, नागपुरात फ्लेक्सवाल्यांकडे कापडी प्रिंट करून मिळते, घडी घालून साडीसारखी बॅगेत ठेवायची. ती लांबलचक नळी घेऊन तीन विमानं बदलायची म्हणजे दुसरं सामान सांभाळायचं की ती नळी, आणि विसरायची भीती कायम. पीडीएफ मात्र ईमेलमध्ये आणि पेनड्राइव्हवर, दोन्हीकडे ठेव.

बॅग भरताना तुझी खरी फजिती होणार आहे ती कपड्यांची, कारण तू निघशील तेव्हा चंद्रपुरात ४४ डिग्री असणार आणि त्यात स्वेटर घडी घालताना माणसाला हसूच येतं. घाल. व्हिएन्नात एप्रिलअखेर सकाळी ६-८ डिग्री, दुपारी ऊन पडलं तर १८-२०, आणि वारा असा की छत्री उलटी होते, कॉन्फरन्सचं ठिकाण डॅन्यूब नदीच्या पलीकडे मोकळ्यावर आहे तिथं तर विचारू नकोस. विंडचीटर, एक जाड स्वेटर, मोजे. साडी नेसायची असेल तर नेस, छान दिसते, फक्त खाली बूट घाल, फॅन्सी चपला नकोत.

प्लगचं पण सांगते. तिकडचं सॉकेट गोल खड्ड्यासारखं असतं, मोबाइल चार्जरच्या बारीक दोन पिना बसतात पण लॅपटॉपची आपली तीन पिनांची वायर बसत नाही. नागपूरला सीताबर्डीवर शंभर-दोनशेला अॅडॉप्टर मिळतो, तिथूनच घे, विमानतळावर घेशील तर रडशील.

आता उतरल्यावर. शेंगेनमध्ये आता बोटांचे ठसे आणि फोटो एअरपोर्टवरच घेतात, पासपोर्टवर शिक्के मारायचं बंद होत आलंय, त्यामुळे रांगेला वेळ लागू शकतो, घाबरू नकोस. विचारतील कशाला आलात, किती दिवस, कुठे राहणार. आमंत्रणपत्र, हॉटेलचा पत्ता, परतीचं तिकीट यांचे प्रिंट हातात ठेव, मोबाइलमध्ये आहे म्हणू नकोस, नेमकी तेव्हाच बॅटरी जाते.

बाहेर आलीस की हिरव्या रंगाची झकपक मशिनं समोर येतील, "सिटी एअरपोर्ट ट्रेन". ती १६ मिनिटांत शहरात नेते हे खरं, पण साध्या ट्रेनपेक्षा कितीतरी महाग. तू सरळ लाल मशिनकडे जा, ओबीबी म्हणजे तिकडची सरकारी रेल्वे, तिथं व्हिएन्नाचं साधं तिकीट काढ. शहराचं नाव तिथं "व्हिएन्ना" असं सापडणार नाही बरं का, ते लोक डब्ल्यू-आय-ई-एन लिहितात, म्हणतात "वीन". याच तिकिटावर एस-७ लोकलही चालते आणि रेल्वेजेट ही जलद गाडीही, रेल्वेजेट पाव तासात हाउप्टबानहोफला सोडते आणि पुढे शहरातल्या मेट्रोला तेच तिकीट चालतं. हाउप्टबानहोफ मी मुद्दाम सांगतेय, कारण तिथून लाल रंगाची यू-१ मेट्रो पकडलीस की ती न बदलता थेट कॉन्फरन्सच्या दारात जाते. लेओपोल्डाऊ दिशेची गाडी, स्टेशन कायझरम्यूलन. शहराकडे परत यायचं तर ओबरला दिशेची. झालं, एवढं पाठ केलंस की हरवायचा विषय संपला. दादर स्टेशनवर ब्रिज चुकलेला माणूस व्हिएन्नात राजा असतो.

राहायलाही म्हणूनच यू-१ वरच बघ. आत जुन्या शहरात, श्टेफान्सप्लाट्झच्या आसपास, त्या आठवड्यात भाडी आकाशाला भिडलेली असतात, कारण या कॉन्फरन्सला अठरा-वीस हजार माणसं येतात. नदीच्या पलीकडे कागरान बरं पडतं, मोठा मॉलही आहे. नाहीतर अलीकडे रॉयमानप्लाट्झच्या बाजूला, तिथं तुर्की दुकानं खूप, भाज्या-डाळी मिळतात. खोलीत छोटं किचन असेल असं घे, वरणभात-खिचडीचा प्रश्न सुटतो. हॉटेलच्या खोलीत किटली असतेच असं नाही, त्यामुळे फक्त इन्स्टंट उपम्याच्या भरवशावर जाऊ नकोस.

तिकिटाबद्दल अजून एक, कारण मी स्वतः ठेच खाल्लीय. तिथल्या मेट्रोला गेट नाहीत, कोणी अडवत नाही, सरळ आत शिरता येतं. मी पहिल्या वर्षी तिकीट काढलं, पर्समध्ये ठेवलं, आणि दोन स्टेशनांनंतर साध्या कपड्यातल्या दोघांनी तिकीट मागितलं, मी मोठ्या ऐटीत काढून दिलं तर ते म्हणाले यावर शिक्का नाही. फलाटावर जायच्या आधी एक छोटी निळी पेटी असते, त्यात तिकीट घालून वेळेचा छाप मारून घ्यायचा, तो नसेल तर विनातिकीटच धरतात आणि दंड शंभर युरोच्या वर. मला माहीत नव्हतं, मी परदेशी आहे, पोस्टर आहे, सगळं सांगून झालं, काही उपयोग नाही. तू मोबाइलवर ७ दिवसांचा पास काढ, शिक्क्याची भानगडच नको, मेट्रो-ट्राम-बस सगळ्यात चालतो, फक्त तो कुठल्या दिवसापासून मोजतात ते घेताना वाच. आणि हा पास शहरापुरता असतो, एअरपोर्ट शहराच्या झोनबाहेर येतं, त्यामुळे परत जाताना त्या शेवटच्या तुकड्याचं जादा तिकीट लागतं. पास काढायच्या आधी रजिस्ट्रेशनचा मेल वाचून प्रवासाची काही सोय बॅजमध्ये येते का ते बघून घे. मेट्रोचं दार आपोआप उघडेल म्हणून उभी राहू नकोस, बटण दाबायचं नाहीतर जुन्या डब्यांत हँडल ओढायचं. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची.

मग तो रविवार. कॉन्फरन्स सोमवारी सुरू होते, रविवारी दुपारपासून रजिस्ट्रेशन आणि संध्याकाळी ओळखीपाळखीचा कार्यक्रम, म्हणून सगळेच रविवारी उतरतात. आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद, म्हणजे आपल्याकडे सोमवारी सलून बंद तसं नव्हे, किराणा, सुपरमार्केट, मॉल, बहुतेक औषधांची दुकानंसुद्धा. मी पहिल्या रविवारी संध्याकाळी दूध-ब्रेड आणायला म्हणून बाहेर पडले आणि चार दुकानांच्या बंद काचांत स्वतःचं तोंड बघून परत आले, रात्री विमानात मिळालेलं बिस्कीट आणि बाकरवडी. नंतर कळलं की मोठ्या रेल्वे स्टेशनांतली सुपरमार्केट रविवारीही चालू असतात, हाउप्टबानहोफ, वीन मिटे, प्राटरश्टेर्न, आणि एअरपोर्टवरही एक असतं. तू हाउप्टबानहोफलाच उतरणार आहेस ना, तिथंच दूध, ब्रेड, केळी, दही, चीज घे आणि मगच मेट्रोत बस. गर्दी असते, रांग लावायची. इतर दिवशी दुकानं संध्याकाळी सात-आठला बंद होतात, शनिवारी तर सहालाच, रात्री दहाला खाली जाऊन कोथिंबीर आणू हे विसर. आणि कॉन्फरन्सच्या आठवड्यात १ मे आला तर तीही तिकडे सार्वजनिक सुट्टी, आपल्या महाराष्ट्र दिनासारखीच, दुकानं बंद.

खाण्याबद्दल. "केझं" म्हणजे चीज हा शब्द शिकून मी खूश झाले होते, आणि त्या खुशीत एका टपरीवर "केझंक्रायनर" मागितलं. ते डुकराच्या मांसाचं सॉसेज, आत चीजचे तुकडे. "लेबरकेझं"त तर नाव चीजचं आणि सगळं मांसच. म्हणजे मेनूत केझं दिसलं की उडी मारायची नाही. "केझंश्पेट्झलं" हे मात्र आपलं, चीज घातलेल्या शेवयांच्या गोळ्यांसारखं, वर तळलेला कांदा, अंडं असतं, तुला चालेल. बटाट्याला तिकडे "एर्डआपफेल" म्हणतात, पण बटाट्याच्या सॅलडमध्ये बऱ्याचदा बीफचं सूप घातलेलं असतं, सुपांचंही तेच, साधं पिवळं पाणी दिसलं तरी विचारायचं. वाक्य एकच पाठ कर, "ओने फ्लाइश, ओने श्पेक, बिटं", म्हणजे मांस नको, बेकन नको, प्लीज. बाकी फलाफल रोल, पिझ्झा गल्लोगल्ली आणि भारतीय हॉटेलंही बरीच. गोडात आपफेलश्ट्रुडेल, म्हणजे सफरचंदाचं सारण भरलेला रोल, आणि कायझरश्मार्न म्हणजे जाड गोड धिरड्याचे तुकडे केलेले, थंडीत एक प्लेट खाल्ली की जेवणच होतं. बिल देताना टिप टेबलावर ठेवून निघत नाहीत, बिल १८ युरो काहीतरी झालं तर वेटरला "२०" असं सांगून द्यायचं.

सासूबाईंचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो सगळ्यात भारी आहे. त्यांना सांग, व्हिएन्नाचं नळाचं पाणी थेट प्यायचं, बाटली विकत घ्यायचीच नाही. ते पाणी आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचं आहे, पंपाशिवाय, निव्वळ उतारानं शहरात येतं, पहिली लाइन १८७३ मध्ये सुरू झाली, दुसरी १९१० मध्ये. आणि ती पहिली लाइन ज्या माणसानं महापालिकेत भांडून करवून घेतली तो कोण माहितीये? एडुआर्ड स्यूस. तू नाव वाचून उडाली असशील. हो तोच, ज्यानं गोंडवनालँड (दक्षिणेकडचे खंड एकेकाळी जोडलेले होते तो प्राचीन भूभाग) हे नाव दिलं. गोंडवन म्हणजे तुझाच मुलूख, ज्याच्या खडकावर तुझं कॉलेज उभं आहे, ज्या दगडी कोळशावर तुमचं पॉवर स्टेशन चालतं. भूशास्त्राचा प्रोफेसर, नगरसेवक झाला आणि पटकीनं हैराण झालेल्या शहराला झऱ्याचं पाणी आणून दिलं. श्वार्ट्झेनबर्गप्लाट्झला मोठं कारंजं आहे, ते त्या पाण्याच्या उद्घाटनाचं, १८७३ चं. चंद्रपूरहून भूजलाचं पोस्टर घेऊन आलेल्या बाईनं तिथं बाटली हातात धरून एक फोटो काढलाच पाहिजे. आणि पोस्टरसमोर माणसं येऊन उभी राहिली की "मी गोंडवनातून आलेय" असं सुरू कर, बघ कसे थांबतात ते. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, तिथं अर्ध्यांचं मोडकंच असतं, इटालियन लोकांचं ऐकशील तर तुझा आत्मविश्वास दुप्पट होईल.

ठिकाणाचा एक घोळ सांगून ठेवते. कायझरम्यूलन स्टेशनबाहेर युनायटेड नेशन्सच्या उंच वक्र बिल्डिंगी आणि झेंडे दिसतात, सगळ्यांना वाटतं हेच. मी तिथल्या सिक्युरिटीच्या रांगेत वीस मिनिटं उभी होते, पोस्टरच्या नळीसकट, शेवटी गार्ड हसून म्हणाला पलीकडे. कॉन्फरन्सचं "ऑस्ट्रिया सेंटर" त्या बिल्डिंगींच्या शेजारी, पाट्या बघत बाकीच्या नळीवाल्यांच्या मागे चालत राहायचं.

पैसे फॉरेक्स कार्डात ठेव आणि शंभर-दीडशे युरो रोख, कारण तिकडे लहान कॅफेत अजूनही रोखच मागतात. कार्ड फिरवताना मशीन विचारतं रुपयांत की युरोत, दर वेळी युरो दाब, रुपये दाबलंस की वाईट रेट लावतात. औषधं प्रिस्क्रिप्शनसकट इथूनच ने. तब्येतीची किरकोळ शंका असेल तर १४५० वर फोन, खरंच इमर्जन्सी असेल तर ११२. आपली एम्बसी केर्न्टनर रिंग २ वर आहे, ऑपेराजवळ, पासपोर्ट हरवला तर त्यांना गाठायचं, म्हणून त्याची एक झेरॉक्स वेगळ्या बॅगेत.

फिरायचं म्हणशील तर संध्याकाळी सेशन संपल्यावर एक स्टेशन अलीकडे डोनाउइन्सेलला उतर. डॅन्यूबच्या पुराचं पाणी वळवायला दुसरा प्रवाह खोदला आणि त्या मातीचं २१ किलोमीटर लांब बेट झालं, १९७२ ते १९८८ एवढी वर्षं काम चाललं. एकटीनं चालायला छान, त्या दिवसांत आठपर्यंत उजेड असतो. नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये उल्कांचा संग्रह बघ, त्यासाठी अर्धा दिवस काढ, पण मंगळवारी जाऊ नकोस, बंद असतं.

आणि शेवटच्या दिवशी वेळ उरलाच तर मध्यवर्ती स्मशानभूमीत जा. हसू नकोस, तिथं भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमनची कबर आहे आणि तिच्यावर त्याचं एन्ट्रॉपीचं समीकरण कोरलंय, फिजिक्सवाले तिथं देवळात जावं तसे जातात. ७१ नंबरची ट्राम पकडायची. पूर्वी प्रेतंही याच ट्रामनं नेत, म्हणून तिथं कोणी गेलं की म्हणतात "तो ७१ नंबरनं गेला". तुझ्याकडे ७ दिवसांचा पास आहे, तू त्याच ट्रामनं परत ये.